अहमदपूरची पोरं, 'नीट'ची वाट आणि आपली चळवळ

दहावीचा निकाल लागला की अहमदपूर तालुक्यात घरोघर एकच प्रश्न विचारला जातो. पोराला लातूरला ठेवायचे की नांदेडला? गाव दोन्ही शहरांच्या मध्ये, नांदेड-लातूर रस्त्यावर. रेल्वे नाही, पण एसटी दोन्हीकडे दिवसभर आहे. ज्यांच्या घरी नोकरी आहे, पाण्याखालची जमीन आहे, मोंढ्यात आडत आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न फक्त पसंतीचा आहे. आपल्या वस्त्यांत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. पोराला ठेवायचे कशाच्या जोरावर? बाप सोयाबीनच्या काढणीला, नाही तर कोयता घेऊन कारखान्यावर. आई रोजंदारीवर. आणि पोरगी म्हणते, मला डॉक्टर व्हायचंय. या पोरीला चळवळीने काय उत्तर द्यायचे, यावर आज आम्ही लिहीत आहोत.

बाबासाहेबांनी शिकायला सांगितले, हे आपल्या प्रत्येक व्यासपीठावरून सांगितले जाते. पण 'शिका' म्हणणे वेगळे आणि नीटच्या प्रवेशाला कोणता दाखला कधी लागतो, हे त्या बापाला समजावून सांगणे वेगळे. पहिले काम आपल्याकडे चोख होते. दुसरे काम क्लासवाल्यांवर आणि नेटकॅफेवाल्यांवर सोडून दिलेले दिसते.

नव्या पिढीसाठी लातूर पॅटर्नची गोष्ट थोडक्यात सांगितली पाहिजे. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे, दयानंद त्याच्याही आधीचे. गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईचीच मुले यायची आणि मराठवाड्याला विज्ञान झेपत नाही असे उघड बोलले जायचे, तो हा काळ. प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि पुढे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या कारकिर्दीत शाहू महाविद्यालयाने जादा तास, रोजचा सराव, प्रश्नसंच, सुट्टीतले वर्ग आणि प्रत्येक मुलाचा पाठपुरावा असा धडाका लावला. निकाल साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयांनीही तोच कित्ता गिरवला. ही घोकंपट्टी आहे, अशी टीका झाली. असेलही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. मूळ पॅटर्न महाविद्यालयाच्या वर्गात होता, पगारी प्राध्यापकांच्या कष्टावर उभा होता. गरिबाच्या पोराला त्यासाठी वेगळे पैसे फारसे मोजावे लागत नव्हते. पुढे हा पॅटर्न वर्गातून उठला आणि लातुरात उद्योग भवनाच्या परिसरात, ज्याला आता सारे गाव 'ट्यूशन एरिया' म्हणते, तिथे जाऊन बसला. नांदेडात भाग्यनगर, बाबानगरात बसला. महाविद्यालयाचे नाव दाखल्यापुरते उरले. या धंद्यात पैसा किती आणि चुरस कसली, हे २०१८ च्या जूनमध्ये दिसले. लातुरात एका क्लासचालकाचा गोळ्या घालून खून झाला आणि तपासात धंद्यातले वैरच पुढे आले. ज्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के नोकऱ्या राखल्या, गावोगावच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, त्यांच्या नावाच्या महाविद्यालयातून निघालेली ही वाट शेवटी पावतीपुस्तकापाशी येऊन थांबली. दोष एका संस्थेचा नाही, काळाने घेतलेले वळणच तसे होते.

परीक्षाही बदलत गेली. पूर्वी बारावीच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश मिळे. मग राज्याची सीईटी आली. तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नसत. नीट पहिल्यांदा मे २०१३ मध्ये झाली आणि त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. आमच्या भागाने सुटकेचा श्वास टाकला. पण २०१६ चा एप्रिल आला. लातूरकर तो महिना कधीच विसरणार नाहीत. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती आणि मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी येत होते. त्याच महिन्याच्या २८ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, नीट याच वर्षापासून. राज्याची सीईटी एका आठवड्यावर, ५ मे रोजी होती. दोन वर्षे ज्या परीक्षेसाठी पोरांनी घासले ती राहणार की जाणार, हे परीक्षेच्या दिवशीही ठाऊक नव्हते. मे महिन्याच्या अखेरीस केंद्राने वटहुकूम काढून राज्याच्या जागांना त्या वर्षापुरती सूट दिली. २०१७ पासून मात्र दार एकच राहिले.

या दाराची रचना समजून घेतली पाहिजे. १८० प्रश्न, ७२० गुण. निम्मे जीवशास्त्र, उरलेल्यात भौतिक आणि रसायन समसमान. बरोबर उत्तराला चार, चुकलेल्याला वजा एक. सारा आधार एनसीईआरटीच्या पुस्तकांचा. ती पुस्तके स्वस्त आहेत, मोबाइलवर फुकट उतरवता येतात. हे मुद्दाम सांगतो, कारण आपले पालक क्लासने दिलेल्या जाडजूड संचाला भुलतात आणि मूळ पुस्तक पोराच्या हातात पडतच नाही. जीवशास्त्राचे पुस्तक ओळ न ओळ वाचलेले मूल क्लासशिवायही अर्धी लढाई लढू शकते. भौतिकशास्त्राचे तसे नाही. तिथे शिकवणारा लागतो, रोज गणिते सोडवून घेणारा लागतो, आणि आपली मुले अडतात ती नेमकी तिथेच.

त्याआधी एक अडसर असतो, त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरगी 'तंतुकणिका' शिकते, 'हरितलवक' शिकते, 'विकर' शिकते. दहावीला तिला विज्ञानात नव्वदच्या पुढे गुण पडतात. अकरावीच्या पहिल्या तासाला फळ्यावर मायटोकॉन्ड्रिया, क्लोरोप्लास्ट, एन्झाइम येतात. तिला वाटते हे सगळे नवीन आहे. ते नवीन नसते, तिला येत असते, फक्त नावे बदललेली असतात. हे कोणी तिला सांगत नाही आणि पहिले चार महिने ती वर्गात मागच्या बाकावर गप्प बसून राहते. शहरातल्या मुलांचे हेच चार महिने पुढे पळण्यात जातात. नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळते हे खरे. पण अकरावी-बारावीचे विज्ञान आपल्याकडे बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच शिकवले जाते. मग मराठी प्रश्नपत्रिका घेऊन 'संवेग' आणि 'त्वरण' वाचताना तीच पोरगी पुन्हा अडखळते. यावर उपाय फार खर्चाचा नाही. दहावीनंतरच्या सुट्टीत महिनाभर रोज दोन तास मराठी आणि इंग्रजी संज्ञा शेजारी शेजारी लिहून घेतल्या, तरी अकरावीची भीती निम्मी होते. हे काम गावातला बी.एस्सी. झालेला कोणताही तरुण करू शकतो.

आता कागदांविषयी. इथे आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण गुण मिळूनही कागदावाचून जागा गेल्याची हळहळ दरवर्षी ऐकू येते. राज्याच्या कोट्यात अनुसूचित जातीला १३ टक्के जागा आहेत, पण जातीच्या दाखल्यावर भागत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीसाठी पुरावा १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा मागतात. आता अहमदपूरचा विचार करा. त्या तारखेला हा तालुका हैदराबाद राज्यात, बिदर जिल्ह्यात होता. १९५६ ला तो उस्मानाबादेत आला आणि १५ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात. म्हणजे आजोबांच्या नावाची नोंद असलीच, तर ती निजामाच्या अमलातली, बहुधा उर्दूत. आणि आजोबा शाळेत गेले कुठे होते? ज्याला शाळेच्या पायरीवर चढू दिले नाही, त्याच्या नातीकडे त्याच्या शाळेचा दाखला मागायचा, हा न्याय अजब आहे. पण निषेध करून प्रवेशाची तारीख पुढे जात नाही. तेव्हा घराण्यात वडिलांच्या बाजूने कोणाला आधी वैधता मिळाली असेल, तर त्याची प्रत मिळवा, वंशावळ नीट जुळवा, जुन्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावरची नावे आणि आडनावे एकसारखी आहेत का ते तपासा. उर्दू नोंद असेल तर भाषांतर करून ठेवा. आणि अर्ज अकरावीतच टाका. बारावीच्या निकालानंतर समितीच्या दारात जाणारा बाप आम्ही पाहिला आहे. त्याच्या हातातली पिशवी कागदांनी भरलेली असते आणि नेमका हवा तो कागद तिच्यात नसतो.

केंद्राचा १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा १९८६ पासून आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळाले २००७ साली, ओबीसींना २०२१ साली. इतकी वर्षे या जागा आपल्यासाठी जणू नव्हत्याच. त्यातही धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत नाकारल्या गेल्या होत्या. या कोट्यासाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याच्या फेरीत राज्याचा नमुना आणि वैधता लागते. दोन्ही काढून ठेवावेत. तहसील एकच आहे, चक्कर वाचते.

आमच्या मुलांना कमी गुणांवर प्रवेश मिळतो, म्हणून वैद्यकीचा दर्जा घसरतो, ही जुनी ओरड अजून चालूच आहे. तिचे उत्तर आकड्यांत आहे. २०२५ साली सुमारे २२ लाख ९ हजार मुलांनी नीट दिली, १२ लाख ३६ हजार पात्र ठरली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे दहा पात्र मुलांपैकी एकाला जागा. मग खुल्या वर्गाला ५० आणि राखीव वर्गाला ४० पर्सेंटाइल अशी खालची रेघ कोणाच्या कामाची? सरकारी जागेवर राखीव मुलगाही या रेघेच्या कितीतरी वर असतो. रेघेजवळचे मूल थेट अभिमत विद्यापीठात जाऊ शकते, जिथे काही ठिकाणी वर्षाची फी २० लाखांच्या पुढे आहे आणि जिथे आपले आरक्षण चालत नाही. पदव्युत्तर प्रवेशाला तर २०२३ साली रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. त्या दिवशी गुणवत्तेची चिंता वाहणारे सारे कुठे गेले होते? पैसा भरणाऱ्याचे शून्य चालते आणि आमच्या पोराचे पाचशे गुण खुपतात. खासगी संस्थांतील आरक्षणाचा मार्ग मोकळा करण्यासाठी २००५ च्या इनामदार निकालानंतर ९३ वी घटनादुरुस्ती झाली. पण तिचा पुरता लाभ घेणारा कायदा करून घेण्यासाठी जो रेटा लागतो, तो रस्त्यावर फारसा दिसला नाही.

आणखी एक विषमता वर्षांची आहे. नीट कितीही वेळा देता येते, २०२२ पासून वयाची वरची अटही नाही. ऐकायला हे चांगले वाटते. पण त्याचा अर्थ असा, की अहमदपूरची सतरा वर्षांची पोरगी पहिल्याच प्रयत्नात ज्याच्याशी लढते, तो दोन वर्षे घरी बसून क्लास केलेला असतो. तमिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये हेच दाखवले, की नीटनंतर क्लास केलेल्यांचे आणि पुन्हा पुन्हा बसणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि ग्रामीण, सरकारी शाळेतली मुले मागे पडली. तिथल्या अरियालूर जिल्ह्यातली अनिता ही मजुराची मुलगी, बारावीला १२०० पैकी ११७६ गुण, नीटमध्ये ८६. सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि १ सप्टेंबर २०१७ रोजी तिने जीव दिला. त्या राज्याने २०२० साली कायदा करून सरकारी शाळांतून शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीयच्या साडेसात टक्के जागा राखल्या. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या मुलांसाठी ही मागणी का होऊ नये? २०२० च्या सप्टेंबरात ७०:३० चा प्रादेशिक कोटा रद्द झाला, तोही मराठवाड्यातल्या पालकांच्या आणि आमदारांच्या रेट्यानंतरच. तेव्हा मागणी केली की मिळते.

एक वर्ष पुन्हा बसायचे ठरले, तर गरिबाच्या पोराने काय करावे? पुष्कळ मुले गावातच बी.एस्सी.ला प्रवेश घेतात आणि सोबत नीटची तयारी करतात. आम्हाला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. नीट नाही झाली तरी पदवी हातची जात नाही, वर्षही रिकामे दिसत नाही. मात्र अभ्यासक्रम बदलताना शिष्यवृत्तीचे काय होईल, हे समाजकल्याणच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे. आणि एमबीबीएस नाही तर काहीच नाही, हे खूळ डोक्यातून काढावे. त्याच नीटच्या गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपीची दारे उघडतात. नांदेडला सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे. नर्सिंगच्या पदवीची राज्याची वेगळी सीईटी आहे, औषधनिर्माणशास्त्राला एमएचटी-सीईटी चालते. नर्स झालेली आपली मुलगी घर उभे करते, आणि तिच्या भावाच्या नीटची फी तीच भरते, अशी घरे या तालुक्यांत आम्ही कमी पाहिलेली नाहीत.

२०२४ ची परीक्षा ५ मे रोजी झाली आणि पेपरफुटीचे धागे लातूरपर्यंत आले. इथे राहणारे जिल्हा परिषदेचे दोन शिक्षक अटकेत गेले. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली. ज्यांनी लाखो रुपये मोजून पेपर मिळवायचे ठरवले, त्यांचे काय व्हायचे ते होवो. आम्हाला आठवतात ती उधारीवर मेसचा डबा खाऊन परीक्षा दिलेली मुले, ज्यांच्या निकालाकडेही त्यानंतर लोक संशयाने पाहू लागले.

आता राहण्याचा प्रश्न. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा तिने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते, १९२५ सालचे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेव्हा कलेबरोबर विज्ञान शाखाही सुरू केली. निजामाच्या राज्यातून दोन वर्षांपूर्वी सुटलेल्या मराठवाड्यात! त्या नागसेनवनात शिकलेले सुखदेव थोरात पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्याच समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या एम्समधला जातिभेद चव्हाट्यावर आणला. आज सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे, बार्टीची मोफत प्रशिक्षणाची योजना आहे, ओबीसी आणि भटक्यांसाठी महाज्योती टॅबलेट देते. योजना वाईट नाहीत. पण खोलीमालक आणि मेसवाला महिन्याच्या एक तारखेला दारात येतो, आणि योजनेचे पैसे येतात तेव्हा सत्र संपत आलेले असते. मधले सहा महिने कोण सांभाळणार? लातूर-नांदेडात आपलेच शेकडो अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर आहेत. त्यांची मुले उत्तम क्लासला जातात, जावीत. पण ज्या आरक्षणाने त्यांना लातूरपर्यंत आणले, ते गावातल्या पोरीपर्यंत पोहोचावे यासाठी त्यांच्या घरातली एक खोली वर्षभर मोकळी होऊ नये? मातंग वस्त्यांतून जो प्रश्न विचारला जातो, की १३ टक्क्यांतले आमच्या वाट्याला किती आले, तो १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालानंतर जास्त मोठ्याने विचारला जात आहे. योगायोगाने तो दिवस अण्णाभाऊंच्या जयंतीचा होता. त्या प्रश्नावर चिडण्यापेक्षा अभ्यासिकेचे दार आधी कोणत्या वस्तीसाठी उघडायचे, याचा विचार व्हावा असे आम्हाला वाटते.

प्रवेश मिळाला म्हणजे सुटलो, असेही नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी समाजातली, जळगाव जिल्ह्यातली, पदव्युत्तर शिक्षण घेणारी. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याची तक्रार तिच्या घरच्यांनी केली. आपल्या मुलीला वसतिगृहात सोडून परतताना समान संधी कक्ष कुठे आहे, तक्रार कोणाकडे करायची आणि लेखी पोच कशी घ्यायची, हे तिला सांगूनच गाडीत बसावे. आठवड्याला फोन करावा, आणि गुण विचारण्याआधी जेवलीस का ते विचारावे.

शेवटी एक बोचरे, पण बोलायलाच हवे. अलीकडच्या वर्षांत नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी येते. १४ एप्रिल त्याच्या तीन आठवडे आधी. आपल्याकडे जयंती एका दिवसाची नसते, एप्रिलभर आणि पुढेही गावोगाव चालते, आणि डीजेच्या भिंती रात्री अकरापर्यंत वस्ती हलवतात. त्याच वस्तीत, पत्र्याच्या खोलीत, एक पोरगी शेवटची उजळणी करीत असते. अठरा तास अभ्यासाचा उपक्रम आपण जयंतीच्या निमित्ताने अभिमानाने राबवतो. अहमदपूर तालुक्यातल्या मंडळांनी यंदाच्या बैठकीत एवढेच ठरवावे, की डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यातून विहाराला इन्व्हर्टर, चार टेबले, दोन पंखे आणि एनसीईआरटीचे दोन संच घ्यायचे, आणि १५ एप्रिलपासून नीटच्या दिवसापर्यंत विहाराची किल्ली रात्रभर पोरांकडे राहील. मुली येणार असतील तर त्यांना घरी पोहोचवण्याची पाळी महिला मंडळाने लावून घ्यावी. बैठक बहुधा मार्चमध्ये होते. वर्गणीची पावतीपुस्तके छापायला टाकण्याआधी हा ठराव घ्यावा, कारण डीजेची सुपारी एकदा दिली की आगाऊ रक्कम परत मिळत नाही.